डबिंगमध्ये बघू

आमच्या धंद्यात एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. शूटिंग चालू असताना वरून विमान गेलं, कुठे कुत्रं भुंकलं, नटी वाक्य विसरून भलतंच पुटपुटली, की कुणीतरी हात झटकतं आणि म्हणतं, "जाऊ दे, डबिंगमध्ये बघू." मग महिन्या-दोन महिन्यांनी मी एका बंद खोलीत उभी राहते. कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक, समोर पडदा. त्या नटीच्या हलणाऱ्या ओठांवर मी माझे शब्द बसवते. सव्वीस वर्षं हेच चाललंय. तुम्ही ज्यांच्यासाठी रुमाल ओले केलेत, त्यातल्या निम्म्या बायका माझ्या घशातून रडल्यात. तोंड त्यांचं, रडणं माझं. रस्त्यात कुणी ओळखत नाही याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते साफ खोटं आहे.

तर त्या वाक्याची सवय फार वाईट. मी ती घरी घेऊन आले. मला आईला एक प्रश्न विचारायचा होता. एकच. बेचाळीस वर्षं मी तो विचारला नाही. दर वेळी मनात म्हटलं, आज नको, नंतर बघू. आणि अकरा महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी आई बाथरूममध्ये पडली. मेंदूत रक्ताची गुठळी, उजवं अंग लुळं, वाचा गेली. बैल गेला आणि झोपा केला असं लोक म्हणतात. मी तर झोपाही केला नाही, नुसती दावं हातात धरून बसले.

वाचा गेली म्हणजे अगदी सगळी नाही गेली. दोन शब्द राहिले. "जेवून घे." पाणी हवं असलं तरी जेवून घे, पाठ दुखत असली तरी जेवून घे, टीव्ही बंद करायचा असला तरी जेवून घे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, जन्मभर तोंडात घोळलेलं एखादं वाक्य तेवढं मागे राहतं. कुणाची शिवी राहते, कुणाचे नुसते आकडे राहतात. दिवसा आईला सांभाळायला ज्या मावशी येतात, त्या तिची थट्टा करतात. "अहो आजी, आत्ताच तर जेवले! आणखी जेवले तर दारातून बाहेर कशी पडू?" आई हसते. तोंडाची एकच बाजू वर जाते, पण हसते. मी मात्र ते दोन शब्द ऐकले की स्वयंपाकघरात निघून जाते. मावशींना वाटतं, मला आईचं दुःख बघवत नाही. वाटू दे.

मी नऊ वर्षांची होते. बाबा वारून वर्ष झालं होतं आणि मामा आमच्याकडे राहायला आला होता. आमच्याकडे कसला, खरं तर आम्हीच त्याच्या जिवावर होतो. माझी शाळा, धाकट्या भावाचं दूध, डोक्यावरचं छप्पर, सगळं त्याचं. गल्लीतले सगळे म्हणायचे, भाऊ असावा तर असा. आई दुपारची शिवणाच्या दुकानात कामाला जायची. त्या दुपारी घरात मामाने माझ्याशी काय केलं ते मी सांगणार नाही. ज्याला कळायचं त्याला कळलंच असेल. ज्याला कळलं नाही तो भाग्यवान, त्याने तसंच राहावं.

पहिल्याच आठवड्यात मी आईकडे गेले होते, एवढं मात्र सांगते. सुट्टीचा दिवस होता. आई मागच्या अंगणात नळाखाली कपडे धूत बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "आई, मामा मला..." बस, एवढंच. तीन शब्द. तिने वर बघितलंसुद्धा नाही. साबणाने बरबटलेला हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. ठेवला कसला, दाबला. फेस माझ्या तोंडात गेला. दुसऱ्या हातात शर्ट तसाच धरलेला होता, आणि तो शर्ट मामाचा होता. "जेवून घे," आई म्हणाली. मग हात काढला आणि शर्ट पिळायला लागली. मी आत जाऊन जेवून घेतलं. सगळ्या जेवणाला साबणाची चव होती.

पुढे दोन वर्षं ते चालू राहिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी नुसता ऐकलेला नाही.

आता प्रश्न असा. तिला माहीत होतं का? हो म्हणण्याआधी पुन्हा विचार करा. नऊ वर्षांची पोर येते आणि म्हणते, आई, मामा मला. मामा मला ओरडला, मामा मला चॉकलेट देत नाही, मामा मला अभ्यासाला बसवतो. कामात गळ्यापर्यंत बुडालेली बाई चहाडी ऐकायला तयार नसेल, सहज गप्प करत असेल. असूच शकतं की नाही? या 'असू शकतं'वर मी बेचाळीस वर्षं तिला आई म्हटलं. तिची दुखणी काढली, तिचा चष्मा बदलून आणला, तिच्या वाढदिवसाला साडी घेतली. आणि ज्या दिवशी हा विश्वास डळमळायचा त्या दिवशी तिच्याकडे जायचंच नाही. मग ती फोन करायची, "आली नाहीस? जेवलीस का?"

विचारायच्या संधी आल्या नाहीत असं नाही. माझं लग्न चार वर्षांत मोडलं तेव्हा ती माझ्या उशाशी बसून म्हणाली होती, "तुझं सुख कुठे अडतंय तेच कळत नाही मला." तेव्हा सांगता आलं असतं. मामा मेला तेव्हा तर नक्कीच आलं असतं. चार माणसांत नाव कमावून मेला तो. मी कोपऱ्यात बसून त्याचे गोडवे ऐकत होते, मूग गिळून, आणि आई माझ्याकडे एकदाही बघत नव्हती. का बघत नव्हती? भावाच्या दुःखाने, की आणखी कशाने? रडणाऱ्या बाईला विचारू कशी? म्हटलं, नंतर.

सर्वांत वाईट तो शेवटचा रविवार. त्या दिवशी मी ठरवून गेले होते. आरशासमोर तालीम करून गेले होते, हसू नका, धंद्याची सवय. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, सगळं ठरलेलं. आई पलंगावर जुनी बटणं पसरून बसली होती, रंगाप्रमाणे वेगळी करत. खुशीत होती. मी बसले, घसा खाकरला आणि म्हटलं, "आई, मला तुझ्याशी बोलायचंय." ती बटणांतून हात काढून म्हणाली, "बोल ना गं. किती दिवस काहीतरी बोलायचंय तुला, दिसतंय मला." स्वतःहून म्हणाली! दार उघडून उभी राहिली ती, आणि मी उंबऱ्यावरून मागे फिरले. मी म्हटलं, "काही नाही, पुढच्या रविवारी बोलू. आज तुझी बटणं लाव." ती पुन्हा बटणं निवडायला लागली. मंगळवारी पडली.

मी तिला माझ्या घरी आणलं. आठवड्यातून दोनदा तिला बोलायला शिकवणारी बाई यायची. तरुण पोरगी, पण कामात पक्की. चमचा, पेन, घड्याळ असं समोर ठेवायची आणि विचारायची. पहिल्याच दिवशी तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, आजींच्या हो-नाहीवर भरवसा ठेवू नका. त्या मान हलवतील, पण ते उत्तर असेलच असं नाही. प्रश्नाचा सूर ऐकून मान हलते." मी म्हटलं, बरं. कानांनी ऐकलं, पण मनाने कुठे ऐकलं?

महिनाभर मी कळ काढली. मग एका दुपारी मावशींना औषधं आणायला पिटाळलं, आईच्या खुर्चीसमोर स्टूल ओढलं आणि तिचा चांगला हात, डावा, हातात घेतला. म्हटलं, "आई, मी लहान असताना, मामा आपल्याकडे होता तेव्हा. दुपारी काय होत होतं ते तुला माहीत होतं ना?"

आईने मान हलवली. हो.

काय वाटलं ते सांगता येणार नाही. राग म्हणाल तर राग, पण त्याच्या खाली एक मोठं ओझं उतरल्यासारखं, म्हणजे मी वेडी नव्हते, मी खोटी नव्हते. मी रडायला लागले. आई माझ्याकडे बघून पुन्हा मान हलवत होती. हो. हो. तेव्हा माझ्यातल्या त्या मेल्या धंदेवाईक बाईने विचार केला की एक टेक पुरत नाही, दुसरा घेऊन बघावा. डोळे पुसून मी अगदी त्याच सुरात विचारलं, "आई, तुला काहीच माहीत नव्हतं ना?"

आईने मान हलवली. हो.

"आई, आपल्या घरात हत्ती आहे ना?"

हो.

मी हसले. काय करणार? इतकी हसले की मावशी परत आल्या तेव्हा त्यांना वाटलं, मायलेकी काहीतरी जुनं आठवून हसतायत. "जेवून घे," आई त्यांना म्हणाली.

यानंतर तो सिनेमा आला.

नेहमीप्रमाणे आधी फोन. दिग्दर्शिका नवीन, तिशीची, बोलणं मऊ आणि हट्ट लोखंडाचा. म्हणाली, "ताई, नायिकेचा चेहरा छान आहे, पण आवाज पोकळ आहे. तुमच्याशिवाय कुणी नको." गोष्ट विचारली तर म्हणाली, "एक बाई खूप वर्षांनी आईच्या घरी परत जाते आणि लहानपणी जे घडलं त्याचा जाब विचारते." मी फोन घट्ट धरून विचारलं, "कोण होता?" ती म्हणाली, "काका." म्हटलं वा, लेखकाने केवढा शोध लावलाय, मामाचा काका केला. हे अर्थात मनातल्या मनात. तोंडाने मी "हो" म्हटलं. नाही का म्हटलं नाही, असं तुम्ही विचाराल. नाही म्हणायला कारण द्यावं लागतं.

स्टुडिओत माझा आवाज घेणारा माणूस जुना. त्याला सगळे कानसेन म्हणतात, कारण गाणं येत नाही पण चूक पहिली त्यालाच ऐकू येते. तो काचेपलीकडे बसतो, मी अलीकडे. सव्वीस वर्षांत आमचं जे बोलणं झालंय ते बहुतेक काचेतून. मला चिडवायला तो बाईसाहेब म्हणतो.

पहिले तीन दिवस बरे गेले. नायिका गाडी चालवते, नायिका जुनी शाळा बघते, नायिका नवऱ्यावर ओरडते. असलं तर मी झोपेतही करते. ओठ बसत होते, कानसेन खुश होता. चौथ्या दिवशी तो प्रसंग आला. स्वयंपाकघर. म्हातारी आई ओट्यापाशी भांडी घासत उभी, कॅमेऱ्याकडे पाठ. लेक दारात. लेक विचारते, "तुला माहीत होतं का?"

वाक्य एवढंच. पाच शब्दही नाहीत. मला ते म्हणताच येईना.

एक टेक, दोन टेक, सात टेक. कधी ओठांच्या आधी, कधी मागून. कधी आवाजच कोरडा. कानसेनने काचेतून बोट वर केलं आणि म्हणाला, "बाईसाहेब, पाणी प्या." मी म्हटलं, "पाणी काय प्यायचं, माझ्या घशाला काय झालंय?" उगाच खेकसले त्याच्यावर. अकराव्या वेळी जमलं. जमलं म्हणजे, हेडफोनमध्ये ऐकू आलं आणि मला कळलं की आरशासमोर तालीम केलेलं वाक्य हेच होतं. बरोबर त्याच ठिकाणी श्वास. जिच्यासाठी तालीम केली तिला सोडून ते मी एका परक्या नटीच्या तोंडात घातलं होतं.

पडद्यावरची आई काहीच बोलली नाही. भांडी घासत राहिली. लेक वाट बघते, मग निघून जाते. संपलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान हे तरी खरं दाखवलंय.

तेवढ्यात दिग्दर्शिका आत आली. "ताई, एक अडचण आहे. सिनेमा काही लोकांना दाखवला. सगळे म्हणतात, आई बोलत का नाही? इतकं रडवता आणि उत्तर देत नाही. तर आम्ही आईला एक वाक्य देतोय. 'मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.'"

"पण ती बोलली नाहीये," मी म्हटलं.

"पाठमोरी आहे ना! ओठ कुठे दिसतात? काहीही म्हणवता येतं."

"त्या म्हाताऱ्या नटीला बोलवा मग."

"त्या परदेशात मुलीकडे गेल्यात. तुम्ही म्हाताऱ्यांचे आवाज काढता ना? एकच वाक्य आहे, ताई."

मी भांडले. खरंच भांडले. म्हटलं, "बाई गं, जी उत्तर देत नाही ती देत नाही. तिच्या तोंडात घालू नकोस. हे खोटं आहे." ती शांतपणे म्हणाली, "बघणाऱ्याला उत्तर हवं असतं, ताई. उत्तराशिवाय घरी कसं जायचं त्याने?" बेचाळीस वर्षं मी तशीच घरी जात होते.

मी पुन्हा माइकसमोर उभी राहिले. म्हाताऱ्यांचे आवाज माझ्याकडे पाच-सहा तयार आहेत. खाष्ट सासू, प्रेमळ शेजारीण, दमेकरी आजी. त्यातला एखादा काढायचा आणि मोकळं व्हायचं. पडद्यावर पाठ दिसली, खांदे हलत होते, नळ चालू होता. मी तोंड उघडलं आणि आईचा आवाज आला. माझ्या आईचा. पडायच्या आधीचा, जरासा बसका, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. दुनियेचे आवाज काढले मी, पण हा कधी काढला नव्हता. काढता येतो हेसुद्धा माहीत नव्हतं.

"मला माहीत होतं," आई म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं." आणि थांबायचं तिथे मी थांबले नाही. "चुकलं गं माझं. तुझं तोंड दाबायला नको होतं मी."

काचेपलीकडून दिग्दर्शिका म्हणाली, "आवाज जबरदस्त! पण ते शेवटचं आपल्या संवादात नाहीये. माफी नको, माफीने ती फार चांगली होऊन जाते. तेवढं कापू." कानसेनने मान डोलावली आणि कापलं. दोन बोटांचं काम. माझ्या आईने मागितलेली माफी, मीच बनवलेली, तीही दोन मिनिटं टिकली नाही.

दिग्दर्शिका गेल्यावर मी कानसेनच्या खोलीत गेले. "ते कापलेलं आहे का अजून?" त्याने माझ्याकडे बघितलं. "आहे. कुणाचा आवाज आहे हा, बाईसाहेब?" मी म्हटलं, "फोनवर पाठव. पूर्ण, न कापलेलं. आणि काही विचारू नकोस." बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. त्याने विचारलं नाही. पाठवलं, आणि मी दाराशी पोचल्यावर म्हणाला, "सांभाळून जा."

घरी पोचले तेव्हा ऊन खिडकीतून सरळ टेबलावर आलं होतं. मावशी आईला खायला घालायच्या तयारीत होत्या. आईचे हात धुऊन, पुसून, तिला टेबलाशी बसवलेलं. समोर सूपचा वाडगा. मी म्हटलं, "मावशी, आज मी भरवते. तुम्ही जा घरी, लवकर सुटलात म्हणून पोरं खुश होतील." मावशी म्हणाल्या, "पोरं कसली खुश होतायत, टीव्ही बंद करावा लागेल म्हणून रडतील," आणि चपला घालून गेल्या.

मी आईला दोन-तीन चमचे भरवले. मग फोन टेबलावर ठेवला आणि बोटाने दाबलं.

मला काय हवं होतं, तुम्ही विचाराल. खरं सांगते, मलाही नीट ठाऊक नव्हतं. मला वाटलं असेल, स्वतःचाच आवाज ऐकून तिच्या आत काहीतरी हलेल. मान हलवण्यापलीकडचं काहीतरी. मला तिच्याकडून एक खूण हवी होती, जी हत्तीला 'हो' म्हणणारी नसेल. नाहीतर मग निदान एवढं तरी, की या खोलीत, तिच्या समोर, तिच्या आवाजात ते शब्द एकदा उमटावेत. खोटे का होईना.

"मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चुकलं गं माझं. तुझं तोंड दाबायला नको होतं मी."

आईचा घास तोंडातच राहिला. तिने आधी दाराकडे बघितलं, कोण आलंय म्हणून. मग फोनकडे. मग माझ्या तोंडाकडे. माझं तोंड बंद होतं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तोच आवाज. तिच्या हनुवटीवरून सूप ओघळलं, ते मी पुसलं नाही.

"तुझा आवाज आहे, आई," मी म्हटलं. "तू म्हणालीस." इतकं बेशरम खोटं मी आयुष्यात बोलले नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. मान हलली नाही. अकरा महिन्यांत पहिल्यांदा, विचारल्यासारखं वाक्य ऐकून तिची मान हलली नाही. आणि मला वाटलं, आता. आता नाही तर कधीच नाही. पुढचा रविवार वगैरे काही नसतो. मी फोन बाजूला सारला, तिच्याजवळ सरकले, आणि माझ्या आवाजात, कुणाच्या ओठांवर बसवायचा नसलेल्या माझ्या स्वतःच्या आवाजात म्हटलं, "आई, मामा मला..."

तिचा हात आला. डावा. चमचा धरताना थरथरणारा तो हात इतका सरळ आणि इतक्या चपळाईने आला की मी मागे सरायच्या आत माझ्या तोंडावर होता. ठेवला नव्हता, दाबला होता. मावशींनी नुकताच धुतलेला हात. साबणाचा वास अजून ओला होता.

माझं उत्तर मला मिळालं. हो-नाहीचा प्रश्नच उरला नाही. आजवर त्या चहाडीच्या, त्या कामात बुडालेल्या बाईच्या आडोशाला मी उभी होते, तो आडोसा एका क्षणात गेला. ज्याला काही माहीत नाही तो ऐकून घेतो, निदान अर्धं तरी. तीन शब्दांवर तोंड दाबायला पुढचं सगळं माहीत असावं लागतं.

तिचे डोळे भरले होते. त्यात काय होतं? पश्चात्ताप? भीती? की अजूनही मामाच्या छपराखाली आहोत असं तिला वाटत होतं, आणि ती आम्हा तिघांना वाचवत होती? विचारू कुणाला? ती सांगू शकत नव्हती आणि मला ती सांगू देत नव्हती. शहात्तर वर्षांच्या बाईचा एक हात, त्यात काय जोर असणार? एका बोटाने बाजूला करता आला असता. मी एक्कावन्न वर्षांची आहे, माझ्या आवाजावर माझं घर चालतं. पण माझे हात मांडीवरून उठलेच नाहीत. मी बसून राहिले, तिच्या हाताखाली, नाकाने श्वास घेत.

"जेवून घे," आई म्हणाली. आवाज फुटला होता तिचा. "जेवून घे. जेवून घे."

बऱ्याच वेळाने तिने हात काढला. मी तिची हनुवटी पुसली. मग तिचाच वाडगा पुढे ओढला, तिचाच चमचा घेतला. सूप गार झालं होतं. ती मी खाते की नाही ते बघत होती.

मी जेवून घेतलं.